दोन बोटांचा हिशोब आणि माझी एक सही

२०२१ सालची गोष्ट. भोसरीतलं एक छोटं प्रेस शॉप, मालक धरून नऊ माणसं. मी तिथे डाय सेटर होतो. दुपारी साडेतीनच्या सुमाराला एका पोराची उजव्या हाताची दोन बोटं पॉवर प्रेसमध्ये गेली. अंगठ्याजवळचं आणि मधलं. पोरगा २५ वर्षांचा, लातूरकडचा. पगार हातात पंधरा हजार.

दवाखान्यात नेताना रिक्षातच त्याला सांगितलं गेलं, "डॉक्टरला सांग, गाडीवरून पडलो."

बारा दिवसांनी शेठनी शंभराचा स्टॅम्पपेपर आणला. आता तो पाचशेचा झालाय, मजकूर तोच असतो: 'अपघात माझ्या चुकीमुळे झाला. दवाखान्याचा सर्व खर्च कंपनीने केला. मला ४०,००० रुपये रोख मिळाले. यापुढे माझी कोणतीही तक्रार राहणार नाही.'

पोराने माझ्याकडे बघितलं. "दादा, करू का सही?"

मी म्हटलं, "कर. मिळतंय ते घे. कोर्टात गेलास तर पाच वर्षं जातील."

उजवा हात बँडेजमध्ये होता म्हणून डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. खाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे.

गेल्या आठवड्यात तळवड्यातून एका ताईंचा फोन आला. भावाचं बोट गेलंय, शेठ कागदावर सही मागताहेत, काय करू? म्हणून ही पोस्ट. लांब आहे, पण वाचा. तुमच्या बिल्डिंगमध्ये, तुमच्या गावाकडच्या ग्रुपवर, कुणाला ना कुणाला हिची गरज पडणार आहे.

सगळ्यात आधी तो 'निष्काळजीपणा' शब्द बाजूला काढू.

ज्यांनी पॉवर प्रेस बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. फ्लायव्हील सतत फिरत असतं. पायाने पेडल दाबलं की क्लचची पिन अडकते, रॅम खाली येतो, पत्रा कापतो किंवा दाबतो, वर जातो आणि थांबतो. जुन्या पिन-क्लच प्रेसला मध्येच थांबता येत नाही. एकदा सुटला की पूर्ण चक्कर मारूनच थांबणार. पिन झिजली, स्प्रिंग मोडली, की पेडल न दाबताही रॅम दुसऱ्यांदा खाली येतो. याला डबल स्ट्रोक म्हणतात. त्या वेळी माणसाचा हात जॉब काढायला आत असतो. आता यात लक्ष कुठं ठेवायचं ते सांगा.

माणूस बारा तास उभा आहे, दिवसाला हजारो वेळा हात आत-बाहेर करतोय, शेजारी टार्गेटचा फळा आहे. त्यातल्या एका वेळी हात पाव सेकंद उशिरा निघणार, हे शेंबडं पोरही सांगेल. म्हणून तर मशीनला गार्ड असतो. माणूस चुकणार हे धरूनच गार्ड बनवतात. चुकणारच नसता तर गार्ड लागलाच नसता!

उपायही काही परदेशातून आणायचे नाहीत. पत्रा जाईल पण बोट जाणार नाही असा पक्का गार्ड. जॉब घालायला-काढायला चिमटा किंवा मॅग्नेट. हवेच्या क्लचचा प्रेस असेल तर दोन हातांची बटणं आणि सेन्सर. जुन्या पिन-क्लच प्रेसला नुसता सेन्सर लावून ऑडिटसाठी फोटो काढणाऱ्यांना एवढंच विचारतो, जो प्रेस मध्येच थांबू शकत नाही, त्याला सेन्सर थांबवणार कसा?

आता माझं सांगतो. त्या प्रेसला गार्ड होता. अपघाताच्या चार दिवस आधी नवीन डाय चढवली, तिला गार्ड आडवा येत होता. शेठ म्हणाले, "राहू दे, आजची डिलिव्हरी निघू दे, उद्या दुसरा बनवून घेऊ." मी गार्ड काढून रॅकखाली ठेवला. पोराची बोटं गेली त्या दिवशीही तो रॅकखालीच होता. हुकूम शेठचा, पाना माझ्या हातात. आणि कागदावर काय लिहिलं? 'माझ्या चुकीमुळे.' म्हणजे कुणाच्या?

आता हिशोब करू.

कर्मचारी भरपाई कायदा १९२३ सालचा आहे. वीज वापरून उत्पादन चालतं अशा शेडमध्ये दोन माणसं असली तरी तो लागू होतो. त्याच्या परिशिष्टात कुठला अवयव गेला की कमाईची क्षमता किती टक्के गेली धरायची, याची यादीच आहे. पूर्ण अंगठा ३० टक्के. अंगठ्याजवळचं बोट १४. मधलं १२. अनामिका किंवा करंगळी ७. एका हाताची दोन बोटं २०, तीन ३०, चार ५०. पूर्ण हात ६०. उजवा-डावा फरक नाही.

पगाराच्या ६० टक्के गुणिले वयाचा गुणांक, आणि त्याचे वरचे टक्के. २०२० पासून या हिशोबात महिन्याचा पगार जास्तीत जास्त १५,००० धरायचा असं होतं. २५ वर्षांच्या माणसाचा गुणांक २१६.९१. मांडा: ९,००० गुणिले २१६.९१ म्हणजे १९,५२,१९०. त्याचे २० टक्के म्हणजे ३,९०,४३८ रुपये.

पोराला मिळाले ४०,०००. दहावा हिस्सा. बाकीचे साडेतीन लाख कुणाच्या खिशात राहिले ते सांगायला नको.

आणि 'दवाखान्याचा सर्व खर्च कंपनीने केला' हे जे उपकार म्हणून लिहिलं होतं, तोही कायद्याने मालकाचाच खर्च होता. भरपाईच्या वर, वेगळा.

शेठ लोक म्हणतात, पण चूक त्याची होती ना? या कायद्यात भरपाई मिळायला मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. अपघात कामामुळे आणि कामावर असताना झाला, एवढं पुरे. मालकाला सुटायला मोजक्या वाटा आहेत: कामगार दारू किंवा नशेत होता, सुरक्षेचा स्पष्ट नियम त्याने जाणूनबुजून मोडला, किंवा त्याने स्वतः मुद्दाम गार्ड काढला. हे मालकाने सिद्ध करायचं. आणि माणूस मेला किंवा कायमचा पूर्ण अपंग झाला तर याही वाटा बंद. 'लक्ष नव्हतं' ही वाट त्या यादीत नाही. शंभर वर्षांपासून नाही.

मग तो स्टॅम्पपेपर? १९२३ च्या कायद्याप्रमाणे, भरपाईचा हक्क सोडणारा किंवा कमी करणारा करार रद्दबातल. तडजोड करायची तर ती भरपाई आयुक्तांकडे नोंदवावी लागते, आणि रक्कम अपुरी वाटली तर आयुक्त नोंद नाकारू शकतात. न नोंदवता केलेल्या तडजोडीत मालकाला पूर्ण रक्कम द्यावी लागते, आणि आयुक्तांनी वेगळं सांगितलं नाही तर आधी दिलेल्या पैशांपैकी निम्म्याहून जास्त वजाही करता येत नाही. म्हणजे त्या कागदाने पोराचा हक्क गेला नव्हता. फक्त त्याला तसं वाटावं म्हणून तो कागद होता, आणि तसं वाटायला मी मदत केली.

ज्या ठिकाणी दहा किंवा जास्त माणसं आहेत आणि पगार २१,००० पर्यंत आहे, तिथे ईएसआय. तिथे भरपाई कायद्याचा दावा होत नाही, ईएसआयचे लाभ मिळतात. बरा होईपर्यंत पगाराच्या ९० टक्के. उपचार फुकट. कायमचं अपंगत्व आलं तर मेडिकल बोर्ड टक्के ठरवतं आणि त्या प्रमाणात आयुष्यभर पैसे. पंधरा हजारवाल्याची दोन बोटं गेली तर दिवसाला ९० रुपये, महिन्याला २,७०० च्या आसपास. थोडे आहेत, मान्य. पण जन्मभराचे आहेत, आणि ते त्याचे आहेत.

कामावरच्या अपघाताला 'अजून वर्गणी भरली नव्हती' हे कारण चालत नाही. पहिल्या दिवशीच्या पहिल्या तासाला अपघात झाला तरी हक्क आहे. प्रत्यक्षात काय होतं? अपघात झाला की संध्याकाळी धावपळ करून ऑनलाइन नाव चढवतात, रुजू तारीख आजची, पगार कागदावर कमी. पगार कमी दाखवला की जन्मभराचा लाभही कमी. 'सेफ इन इंडिया' नावाची संस्था २०१९ पासून वाहन उद्योगातल्या जखमी कामगारांवर 'क्रश्ड' नावाचा अहवाल काढते. त्यातही हेच पुन्हा पुन्हा दिसतं: पॉवर प्रेस, तुटलेली बोटं, आणि अपघातानंतर हातात आलेलं ईएसआय कार्ड.

दरवर्षी १० जूनला आपण सगळे एक पोस्ट टाकतो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी आपल्याला रविवारची सुट्टी मिळवून दिली. टाकायलाच हवी. आमच्या भोसरीत तो रविवार गुरुवारी येतो, तरी टाकायला हवी. पण १८८४ साली लोखंड्यांनी मुंबईतल्या गिरणी कामगारांच्या साडेपाच हजार सह्यांचं जे निवेदन दिलं, त्यात सुट्टी ही एक मागणी होती. आणखी एक मागणी अशी होती की, कामावर जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा, आणि तो कायमचा अपंग झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय करावी.

सुट्टी १८९० ला मिळाली, ती लक्षात राहिली. ही मागणी मात्र आपण विसरलो. साडेपाच हजार माणसांनी ज्या हक्कासाठी सह्या केल्या, तोच हक्क बुडवायला मी एक सही केली. हे लिहिताना बरं वाटत नाहीये.

आता मालक मंडळींशी बोलतो. तुमच्यातले बरेच जण माझ्या यादीत आहेत, आणि बरेच जण एकेकाळी हेल्परच होते. मला माहीत आहे, जॉबवर्कचा दर स्ट्रोकमागे पैशांत मोजला जातो. वरची कंपनी दरवर्षी रेट खाली ओढते, पेमेंट तीन-तीन महिने अडकतं. खरं आहे. पण वरच्या कंपनीने ओढलेला रेट तुम्ही पोराच्या बोटातून का वसूल करता? अहो, ज्यांना ईएसआय लागू नाही त्यांच्यासाठी विमा कंपन्यांची भरपाई पॉलिसी मिळते. टेम्पोचा विमा भरल्याशिवाय तुम्ही तो रस्त्यावर काढत नाही. माणसाचा का नाही भरत?

"कामगारच गार्ड काढतात हो!" काढतात. ज्या गार्डने टार्गेट निम्म्यावर येतं तो गार्ड काढला जातो, आणि टार्गेट ठरवणारे तुम्ही. गार्ड लावून जेवढे पीस निघतात तेवढंच टार्गेट ठेवा, मग कोण काढतो बघू.

आणि ज्यांच्या गाड्यांवर आपण अभिमानाने 'मेड इन पुणे' म्हणतो त्या मोठ्या कंपन्या? यांचे क्वालिटीवाले येतात, पार्ट मोजतात, काही मायक्रॉनचा फरक निघाला तर अख्खा लॉट परत पाठवतात. त्याच लॉटखाली कुणाची बोटं गेली का, हे कुणी विचारत नाही. ज्यांना मायक्रॉन दिसतो त्यांना नसलेला गार्ड दिसत नाही? दिसतो. विचारला तर दर वाढवून द्यावा लागेल, म्हणून विचारत नाहीत.

सरकारचं काय सांगावं! विजेवर चालणारी जागा 'कारखाना' ठरायला पूर्वी १० कामगार लागायचे. महाराष्ट्राने २०१५ साली ते २० केले. म्हणजे कागदाच्या एका बदलाने कितीतरी शेड कारखाना राहिल्याच नाहीत, प्रेस मात्र तेच, बोटंही तीच. १९४८ च्या कारखाना कायद्यात गार्ड नसल्याने गंभीर इजा झाली तर किमान दंड किती होता? ५,००० रुपये. आणि एका बोटाचं एखादं हाड मोडलं तर ते 'गंभीर' धरायचंच नाही, असंही लिहून ठेवलं होतं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यात हा दंड किमान २ लाख ते ४ लाख, किंवा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही, आणि दंडाचा किमान निम्मा भाग जखमीला देण्याचा आदेश कोर्ट देऊ शकतं. चांगलं आहे, म्हणतो मी. पण त्याच संहितेत कारखान्याची मर्यादा २० वरच ठेवली, आणि निरीक्षकाचं नाव बदलून 'निरीक्षक-तथा-सुविधाकार' केलं. सुविधा कुणाची, ते ज्याचं त्याने समजून घ्यावं.

आणि 'ते परप्रांतीय आहेत, त्यांचं काय एवढं' असं कमेंटमध्ये लिहिणाऱ्यांना आधीच सांगतो. प्रेसला आधार कार्ड दाखवावं लागत नाही. बिहारच्या पोराचं बोट जिथे जातं तिथेच उद्या नांदेडच्या, बीडच्या, तुमच्या भाच्याचं जातं.

आता कामाचं. हे सेव्ह करून ठेवा.

१. तुटलेलं बोट थेट बर्फात किंवा पाण्यात टाकू नका. स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा, आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. जोडण्याची सोय असलेल्या हॉस्पिटलला लगेच निघा.

२. डॉक्टरला खरं सांगा: कामावर, मशीनमध्ये झालं. केसपेपरवर तसंच लिहिलंय का ते वाचा. एमएलसी नोंदवायला सांगा. 'गाडीवरून पडलो' हे एक वाक्य पुढे तुमच्याच विरोधात वापरलं जातं.

३. सोबत्यांनी त्याच दिवशी मशीनचे फोटो काढावेत. गार्ड होता की नव्हता ते दिसू दे. हजेरी, बँकेत आलेला पगार, सुपरवायझरचे व्हॉट्सअॅप मेसेज, गेट पास, सगळं जपून ठेवा.

४. कुठल्याच कागदावर सही नाही. कोऱ्यावर नाही, इंग्रजीवर नाही, स्टॅम्पवर तर नाहीच. ठसाही नाही. स्थानिक पुढारी मध्यस्थीला आले तर चहा पाजा, सही देऊ नका.

५. ईएसआय असेल तर मालकाने अपघाताचा रिपोर्ट पाठवलाय का ते शाखा कार्यालयात जाऊन विचारा. बरे झालात म्हणून फाइल संपत नाही, कायमच्या अपंगत्वासाठी मेडिकल बोर्डासमोर जायचं असतं. टक्के कमी दिले तर अपील आहे. मालकाने नाव चढवलंच नव्हतं तरी ईएसआयकडे जा, ती वसुली मालकाकडून करण्याची तरतूद आहे.

६. ईएसआय नसेल तर भरपाईचा दावा. जुन्या कायद्यात मुदत दोन वर्षांची. महिनाभरात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि कारण नसताना उशीर केला तर निम्म्यापर्यंत दंड. अपघात २१ नोव्हेंबर २०२५ नंतरचा असेल तर नव्या संहितेखाली अर्ज. कामातून झालेल्या इजेची भरपाई मालकाची, हा गाभा तिथेही तोच आहे. नेमके नियम वकिलाकडून किंवा युनियनकडून विचारून घ्या, पण थांबू नका.

७. 'तू कॉन्ट्रॅक्टरचा माणूस' हे उत्तर नाही, मूळ मालकही जबाबदार असतो. 'तू अप्रेंटिस' हेही उत्तर नाही, अप्रेंटिसला भरपाई देण्याचं १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यातच लिहिलंय.

८. टक्क्यांची यादी हा शेवटचा शब्द नाही. सत्तरच्या दशकात सर्वोच्च न्यायालयाने एक हात गेलेल्या सुताराला पूर्ण अपंग धरलं होतं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. तुमच्या हाताने तुमचं काम होतं का, हा प्रश्न विचारायला लावा.

दसऱ्याला आपण मशीन धुतो, झेंडूचा हार घालतो, नारळ फोडतो. ४ मार्चला सुरक्षा दिनाचा बॅनर लावतो, शपथ घेतो. दोन्ही करा. पण यंदा हार घालायच्या आधी त्या प्रेसला गार्ड आहे का ते बघा, आणि नसेल तर हार घालू नका.

शेवटचं. त्या पोराचा नंबर मी गेल्या आठवड्यात शोधून काढला. गावी आहे, किराणा दुकानात असतो. त्याला सगळं सांगितलं. दोन वर्षांची मुदत उलटून गेलीय, पण योग्य कारण असेल तर उशीर माफ करण्याचा अधिकार आयुक्तांना आहे. आपला हक्क संपला असं त्याला खोटं सांगितलं गेलं होतं, हे कारण पुरेसं आहे की नाही ते आयुक्त ठरवतील. आम्ही अर्ज करतोय. गार्ड कुणाच्या सांगण्यावरून निघाला, कुणी काढला आणि कुठे ठेवला होता, हे सांगायला साक्षीदार म्हणून मी जाणार आहे. शेठ ही पोस्ट वाचतील, वाचू देत.

तो फोनवर एवढंच म्हणाला, "दादा, तेव्हाच सांगायचं होतंत."

तळवड्याच्या ताई, सही करू देऊ नका. आणि बाकीच्यांनी ही पोस्ट लाइक करण्यापेक्षा प्रेस शॉपमध्ये काम करणाऱ्या एका तरी माणसाला पाठवा.